नासाप्रक्षालन : पाणी, मीठ आणि औषध

(ग्रंथालयाच्या शताब्दी वर्षात सभासदांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



शताब्दीच्या निमित्ताने एखाद्या मराठीच्या अध्यापकाला व्यासपीठावर बोलाविले, म्हणजे तो संतवाङ्मयावर किंवा सीमाभागातील मराठीच्या भवितव्यावर बोलणार असा आपला समज असणे स्वाभाविक आहे. मी मात्र आज नाकाविषयी बोलणार आहे. जुनाट सायनसचा विकार, नाकात वाढणारे पॉलिप आणि त्यावर औषधी पाण्याने नाक धुण्याचा उपचार, हा माझा विषय. मी वैद्य नाही. परंतु या विकाराचा मी कित्येक वर्षांचा रुग्ण आहे, एका शस्त्रक्रियेतून गेलेला आहे, आणि रोज सकाळी नाक धुणे हा माझ्या नित्यकर्माचा भाग झाला आहे. शिवाय ग्रंथालय आणि नाक यांचा संबंध आपण समजतो तितका दूरचा नाही. जुन्या ग्रंथांवरची धूळ, कागदावर धरणारी बुरशी आणि त्यांत वाढणारे सूक्ष्म कीटक यांचा प्रसाद आपल्यापैकी अनेकांनी शिंकांच्या रूपाने घेतलेला आहे. वर्गातला खडू, कलबुर्गीच्या डाळगिरण्या, शहाबादी फरशीच्या खाणी, वाडी-सेडमकडील सिमेंटचे कारखाने आणि बांधाबांधावर माजलेले गाजरगवत हीदेखील नाकाची परीक्षा पाहणारीच स्थळे आहेत.

प्रथम शब्दांकडे वळतो, कारण तो माझ्या व्यवसायाचा भाग आहे. आपल्या या बिदर-कलबुर्गीच्या टापूत एकाच दुखण्याला तीन भाषांत हाका मारल्या जातात. मराठी घरात ते पडसे, शेजारच्या कानडी घरात नेगडी, आणि दखनी बोलणाऱ्या घरात जुकाम किंवा नजला. युनानी वैद्यकात या शेवटच्या दोन शब्दांत नेमका भेद केलेला आहे. स्राव नाकावाटे पुढे आला तर जुकाम, आणि मागच्या बाजूने घशात उतरला तर नजला. आपल्यापैकी ज्यांना सकाळी उठल्याबरोबर घसा खाकरून साफ करावा लागतो, त्यांचे दुखणे या दुसऱ्या शब्दाने अचूक सांगितले आहे. सुश्रुताने उत्तरतंत्रात नाकाचे एकतीस रोग सांगितले असून त्यांत नासार्श आहे. नाकात कोंब फुटावा तशी होणारी वाढ, ती हीच. आपल्या खेड्यांत तिला 'नाकात मांस वाढले' असे म्हणतात. 'पॉलिप' हा शब्द ग्रीक असून त्याचा मूळ अर्थ अनेक पायांचा असा आहे. समुद्रातल्या एका प्राण्यावरून ते नाव नाकातल्या या वाढीला मिळाले. हिपोक्रेटिसच्या परंपरेत दोरीला स्पंज बांधून तो नाकातून ओढून ही वाढ काढण्याची रीत होती. म्हणजे रोग जुना आहे, आणि त्याच्याशी माणसाने घेतलेली झुंजही जुनी आहे.

आता हा रोग होतो कसा, ते पाहू. नाकाच्या दोन्ही बाजूंना, भुवयांच्या वर, डोळ्यांच्या मधोमध आणि मागे खोलवर हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्या आहेत. त्यांनाच आपण सायनस म्हणतो. या पोकळ्यांच्या अस्तरातून सतत पातळ स्राव पाझरत असतो, आणि त्या अस्तरावरचे डोळ्यांना न दिसणारे केस तो स्राव एका ठराविक दिशेने ढकलीत असतात. यातील नवल असे की, गालातल्या पोकळीचे दार तळाशी नसून वरच्या बाजूला आहे. तेथला स्राव गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध चढवून त्या दारापर्यंत न्यावा लागतो. विहिरीवरच्या मोटेसारखे हे काम ते केस रात्रंदिवस करीत असतात. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील मेसेरक्लिंगर यांनी विसाव्या शतकात या स्रावाच्या वाटा बारकाईने अभ्यासल्या, आणि सायनसवरची आजची दुर्बिणीची शस्त्रक्रिया त्यांच्याच निरीक्षणांवर उभी आहे. दार सुजून बंद झाले किंवा केसांची हालचाल मंदावली की स्राव कोंडतो, घट्ट होतो आणि दुखणे घर करते. नाक चोंदणे, स्राव, चेहऱ्यावर जडपणा किंवा वास न येणे अशी लक्षणे बारा आठवडे किंवा त्याहून अधिक टिकली, तर वैद्यकशास्त्र त्याला जुनाट विकार म्हणते.

पॉलिप म्हणजे याच सुजलेल्या अस्तराचे लोंबते घोस. सोललेल्या द्राक्षासारखे फिकट, मऊ आणि सहसा न दुखणारे. ते दुखत नाहीत म्हणूनच माणूस त्यांच्याकडे दुर्लक्ष करतो. ते काय हिरावून नेतात हे उशिरा ध्यानी येते. ते गंध नेतात. पहिल्या पावसाचा मातीचा वास, फोडणीचा वास, देवघरातल्या धुपाचा वास, आणि आपल्या या सभागृहात सांगावयाचे तर जुन्या बांधणीच्या पुस्तकाचे पान उघडताच येणारा वास. आणि स्वयंपाकघरात गॅस गळत असला तर तोही कळत नाही, हे विसरून चालणार नाही. काही रुग्णांत पॉलिप, दमा आणि ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्या न सोसणे ही तीन दुखणी एकत्र नांदतात. अशा माणसाने दुकानातून सहज गोळी घेऊन खाणे जिवावर बेतू शकते.

नाक धुण्याची कल्पना आपल्याकडे परकी नाही. हठप्रदीपिकेत सांगितलेल्या षट्क्रियांत नेती आहे. मात्र तेथे वर्णन आहे ते सूत्रनेतीचे, म्हणजे नाकातून धागा घालून तोंडावाटे काढण्याचे. आज आपण जिला जलनेती म्हणतो ती पाण्याची रीत पुढे रूढ झाली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. योगक्रिया प्रयोगशाळेच्या कसोटीवर घासून पाहाव्यात हा त्यांचा आग्रह होता. आपल्या ग्रंथालयाचा जन्मही त्याच सुमाराचा, ही मला अर्थपूर्ण गोष्ट वाटते. आयुर्वेदात नस्यकर्म आहे. त्यात अणुतैलासारखी तेले थेंबांनी नाकात सोडतात. नस्य आणि प्रक्षालन यांत भेद आहे. एकात औषध नाकात मुरवायचे असते, दुसऱ्यात नाक धुऊन काढायचे असते. आणि आपले मुसलमान शेजारी दिवसातून पाच वेळा वुजू करताना नाकात पाणी घेऊन ते स्वच्छ करतात. ख्वाजा बंदेनवाजांच्या कलबुर्गीत आणि माणिकप्रभूंच्या हुमनाबादेजवळ राहणाऱ्या आपणांस नाक धुण्याचा धडा कोणा परदेशी ग्रंथातून घ्यावा लागत नाही.

तरीही परंपरेने सांगितले म्हणून सारे सिद्ध झाले, असे मानणे कुवलयानंदांनाही रुचले नसते. म्हणून आता कसोटीकडे येऊ. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे रॅबॅगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली एक चाचणी प्रसिद्ध केली. सायनसचा त्रास वारंवार होणाऱ्या ७६ जणांपैकी काहींनी सहा महिने रोज मिठाच्या पाण्याने नाक धुतले, बाकीच्यांनी नेहमीचे उपचार चालू ठेवले. धुणाऱ्यांचा त्रास कमी झाला आणि त्यांना प्रतिजैविकेही कमी लागली. पुढे २०१६ साली अशा सर्व चाचण्यांची कठोर छाननी करणाऱ्या कॉक्रेन समीक्षेने मात्र सांगितले की, लाभ दिसतो, परंतु पुरावा थोडा आणि दुबळा आहे. तरीही २०२० च्या युरोपीय मार्गदर्शिकेत जुनाट विकाराच्या उपचारांत मिठाच्या पाण्याने नाक धुण्याला स्थान आहे. कारण उपाय स्वस्त, सुसह्य आणि नीट केला तर निर्धोक आहे.

मीठ हे औषध नव्हे. मीठ-पाणी घट्ट स्राव धुऊन नेते, धूळ, परागकण आणि सूज वाढविणारी द्रव्ये काढून टाकते आणि त्या केसांना त्यांचे काम करू देते. मग औषधी प्रक्षालन म्हणजे काय? याच पाण्यात औषध मिसळून ते नाकात खोलवर पोहोचविणे. आज यासाठी मुख्यतः बुडेसोनाइड हे स्टिरॉइड वापरतात. स्टिरॉइडचा नाकातला फवारा सर्वपरिचित आहे, परंतु फवारा बव्हंशी नाकाच्या पुढच्या भागातच बसतो. सुमारे २४० मिलिलिटर पाण्याबरोबर तेच औषध गेले तर ते अधिक दूर पोहोचते. मात्र पोकळीचे दार उघडे हवे. अभ्यासकांना असे आढळले की, ते सुमारे चार मिलिमीटरइतके रुंद झाल्यावाचून पाणी आत नीट शिरत नाही. म्हणूनच हा उपचार शस्त्रक्रियेनंतर अधिक फळतो. शस्त्रक्रियेने दारे रुंद होतात, प्रक्षालनाने औषध आत जाते. ऑस्ट्रेलियातील एका लहान चाचणीत, जी २०१८ साली प्रसिद्ध झाली, शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत स्टिरॉइडच्या फवाऱ्यापेक्षा स्टिरॉइडच्या प्रक्षालनाचा गुण अधिक आला. शस्त्रक्रिया झाली म्हणजे रोग संपला, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. पॉलिप पुन्हा उगवतात. शेत नांगरून मोकळे केले तरी निंदणी-खुरपणी सोडता येत नाही, तसेच हे आहे.

सर्वच औषधे पाण्यात घालून लाभ होतो असेही नाही, आणि याची एक बोधप्रद कथा आहे. १९९९ साली अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधील संशोधकांनी जाहीर केले की, जुनाट सायनसच्या जवळजवळ सर्व रुग्णांच्या नाकात बुरशी सापडते. तेव्हा बुरशीनाशक ॲम्फोटेरिसिनने नाक धुतले की रोग जाईल, अशी आशा जगभर निर्माण झाली. पुढे निरोगी माणसांच्या नाकातही बुरशी आढळते हे ध्यानी आले, आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या युरोपीय चाचणीत ॲम्फोटेरिसिनच्या पाण्याने कोणताही विशेष लाभ झाला नाही. पाण्यात प्रतिजैविके घालण्याचा सरसकट उपयोगही सिद्ध झालेला नाही. मग घरच्या घरी हळद, लसणाचा रस, व्हिनेगर किंवा जखमेवरचे जंतुनाशक पाण्यात मिसळून नाकात ओतणाऱ्यांना काय म्हणावे? नाकाचे अस्तर डोळ्याच्या अस्तराइतके नाजूक समजावे. जे डोळ्यात घालण्यास आपण धजणार नाही, ते स्वतःच्या मनाने नाकातही घालू नये.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. या सगळ्या उपचारात सर्वांत घातक ठरू शकते ते पाणी. २०११ साली अमेरिकेतील लुइझियाना राज्यात दोन माणसे नळाच्या पाण्याने नेती करीत होती, आणि नेग्लेरिया नावाच्या अमीबाने त्यांचा बळी घेतला. हा जीव उबदार गोड्या पाण्यात वाढतो. ते पाणी प्यायले तर काही होत नाही, परंतु नाकावाटे शिरला तर तो वासाच्या नसेतून मेंदूत पोहोचतो, आणि मग रुग्ण क्वचितच वाचतो. कराचीत कधी तलावात न पोहलेल्या माणसांनाही हा रोग झाल्याच्या नोंदी असून तेथे संशय आहे तो नाकात घेतल्या जाणाऱ्या नळाच्या पाण्यावर. केरळात २०२४ आणि २०२५ साली अमीबाजन्य मेंदूज्वराचे रुग्ण मोठ्या प्रमाणावर आढळले. आपल्याकडच्या वैशाखात गच्चीवरच्या टाकीतले पाणी हात लावू देत नाही इतके तापते, हे आपण जाणतोच. हा रोग अत्यंत विरळा आहे. भिऊन नाक धुणे सोडण्याचे कारण नाही. परंतु नाकात जाणारे पाणी उकळलेलेच हवे. खळखळून किमान एक मिनिट उकळावे आणि झाकून कोमट होऊ द्यावे. घरातल्या फिल्टरचे किंवा विकत आणलेल्या कॅनचे पाणी पिण्यास योग्य असले तरी या कामासाठी तेही उकळावे. गाडीच्या बॅटरीत घालायचे पाणी तर मुळीच वापरू नये.

रीत अशी. एक लिटर उकळलेल्या पाण्यात नऊ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे सपाट दीड चमचे. चिमूटभर खाण्याचा सोडा घातल्यास झोंबत नाही. मोरीवर किंवा बेसिनवर वाकून डोके किंचित कलते करावे, तोंडाने श्वास घ्यावा, आणि दाबण्याच्या बाटलीने वा नेतीच्या भांड्याने एका नाकपुडीतून पाणी हळू सोडावे. ते दुसरीतून बाहेर येते. मग बाजू बदलावी. पाणी घशात उतरत असेल तर त्या वेळी 'क, क, क' असे म्हणत राहावे. हा उपाय कानतज्ज्ञांचा असला तरी त्याचे स्पष्टीकरण व्याकरणात आहे. 'क' हा कण्ठ्य वर्ण उच्चारताना मृदू टाळू वर उचलली जाते आणि नाकाची मागची वाट बंद होते. 'ङ' म्हटले तर ती उघडते. वर्णमालेचा असा उपयोग होईल, हे आपल्या वैयाकरणांच्या स्वप्नातही आले नसेल. धुऊन झाल्यावर जोराने नाक शिंकरू नये, नाहीतर पाणी कानाकडे जाते. बाटली उकळलेल्या पाण्याने धुऊन कोरडी करावी, दर तीन महिन्यांनी बदलावी आणि एकाची दुसऱ्याने वापरू नये. फवारा घ्यायचा असेल तर तो धुतल्यानंतर काही वेळाने घ्यावा, आधी नव्हे.

काही गोष्टी टाळावयाच्या. नाक तत्काळ मोकळे करणारे थेंब दुकानात सहज मिळतात. ते पाच-सात दिवसांहून अधिक वापरले तर नाक त्यांच्याच आहारी जाते आणि अधिक चोंदते. तपकिरीची डबी तर दूरच ठेवावी. तेलाचे थेंब महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने घेऊ नयेत; ते फुप्फुसात उतरून अपाय करू शकतात. स्टिरॉइड मिसळायचे की नाही, किती आणि किती काळ, हे डॉक्टरांनीच ठरवावे; मधुमेह, काचबिंदू वा मोतीबिंदू असेल तर त्यांना आधी सांगावे. एकाच बाजूचे नाक बंद होऊन रक्त येणे, डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणे, तापासह असह्य डोकेदुखी यांपैकी काही झाल्यास प्रक्षालन थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मधुमेही माणसाच्या नाकात काळी खपली दिसली तर क्षणाचाही विलंब नको. २०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर काळ्या बुरशीने काय केले, हे आपण विसरलेलो नाही. कलबुर्गीत १९६३ पासून महादेवप्पा रामपुरे वैद्यकीय महाविद्यालय आहे, बिदरला २००७ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तज्ज्ञासाठी प्रत्येक वेळी हैदराबाद वा सोलापूरची गाडी पकडण्याची आज आवश्यकता नाही.

मग अडते कोठे? माझ्या परिचयातले एक निवृत्त गृहस्थ. त्यांना बुडेसोनाइडच्या प्रक्षालनाचा सल्ला मिळाला. चिठ्ठी इंग्रजीत. औषध मिळाले ते लहान प्लास्टिकच्या कुप्यांत, आणि त्या कुप्या मुळात दम्याच्या वाफेच्या यंत्रासाठी बनविलेल्या असल्यामुळे त्यांवर श्वासावाटे घेण्याची सूचना छापलेली. दुकानदाराने कानडीत सांगितले की हे यंत्रात घालावयाचे. गृहस्थांनी महिनाभर ते वाफेवाटे घेतले, आणि नाक मात्र नुसत्या नळाच्या पाण्याने धुतले. औषध योग्य, सल्लाही योग्य; परंतु तीन भाषांच्या मधल्या फटीतून उपचार गळून गेला. पाणी जिवावर उठले नाही, हे त्यांचे सुदैव. आपल्या सीमाभागात असे प्रसंग घडतात, आणि त्यांची नोंद कोणत्याही दवाखान्याच्या वहीत होत नाही.

वैद्यक आपल्या भाषेत मावत नाही, असे म्हणणाऱ्यांना मी या भूमीचाच दाखला देतो. १९५६ पर्यंत आपले जिल्हे हैदराबाद राज्यात होते. त्या संस्थानात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झाले, आणि त्याआधी वर्षभर ग्रंथांच्या भाषांतरासाठी दारुल तर्जुमा ही संस्था उभी राहिली होती. पुढे वैद्यकशास्त्रही तेथे उर्दूतून शिकविले गेले. ती भाषा मराठी-कानडी जनतेवर लादली गेली, ही आपली तक्रार रास्तच होती, आणि त्या तक्रारीतूनच अशा ग्रंथालयांना बळ मिळाले. परंतु शरीर आणि रोग यांचे ज्ञान देशी भाषेत आणता येते, एवढे त्या प्रयोगाने निश्चित दाखविले. आणि त्याआधी सुमारे अडीच शतके समर्थांनी दासबोधात आध्यात्मिक तापाचे वर्णन करताना रोगांची लांबलचक यादी मराठीतच दिली होती. आपल्या भाषेत रोगांना नावे आहेत. उणीव आहे ती आजच्या उपचारांच्या सूचनांची.

म्हणून ग्रंथालयाच्या पदाधिकाऱ्यांना माझी एक विनंती आहे. शताब्दीच्या खर्चातून एक पान छापावे. त्यावर नाक धुण्याची रीत, मिठाचे प्रमाण, पाणी उकळण्याची सूचना आणि धोक्याची लक्षणे मराठी, कानडी आणि उर्दू अशा तिन्ही भाषांत असावीत. ते आधी आपल्या भागातील कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे, आणि मग देवघेवीच्या खिडकीवर, औषधाच्या दुकानांत व दवाखान्यांत ठेवावे. मराठी मजकुराची भाषा तपासण्याचे काम मी आनंदाने करीन. हे पान चांगले उतरले तर पुढचे मधुमेहाचे, त्यापुढचे दम्याचे.

आपल्या ग्रंथालयाने शंभर वर्षे कथा, कादंबऱ्या, चरित्रे आणि काव्य घरोघर पोहोचविले. ज्यांना पुस्तकाचे पान उघडून त्याचा वास पुन्हा घ्यावयाचा आहे, अशा वाचकांसाठी आता हे एक साधे पानही पोहोचवावे, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.